पाद्र्याच्या घरातले बालकवी

जळगाव जिल्ह्याला बालकवींचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. धरणगावात १३ ऑगस्ट १८९० ला जन्म, ५ मे १९१८ ला जळगाव-भुसावळ मार्गावरच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली मृत्यू. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे पूर्ण नाव. वय उणेपुरे सत्तावीस. शाळेच्या पुस्तकातला श्रावण ज्याने पाठ केला, त्याला हा कवी ठाऊक आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू माध्यमाच्या मुलांनाही मराठीच्या तासाला त्यांच्या ओळी तोंडपाठ असत.

जन्म आणि मृत्यू यांच्यामधला एक तपशील मात्र भाषणांतून सहसा गळतो. या ब्राह्मण मुलाने आपल्या घडणीचा मोलाचा काळ एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात घालवला. तिथे तो जेवला, रुसला, आजारी पडला, कविता लिहीत राहिला. त्या घरातला पुरुष बाप्तिस्मा घेतलेला, पाळकाची दीक्षा मिळालेला, येशूची गोष्ट अवघ्या महाराष्ट्राला सांगण्यासाठी झटणारा माणूस होता. बाई त्याच्याइतकीच श्रद्धावान. आणि मुलगा त्या घरात हिंदू म्हणून आला, हिंदूच राहिला.

मला या गोष्टीत रस आहे तो मुसलमान म्हणूनही. धर्म शब्दांनी सांगावा की वागणुकीने, आणि दोन्हींनी सांगितला तर त्याला लोक काय म्हणतात, हा प्रश्न आज ख्रिस्ती माणसाला जेवढा विचारला जातो तेवढाच आपल्यालाही. दवाखाना काढला तर विचारतात, कशासाठी काढला? पुरात तांदूळ वाटले तर विचारतात, मागे कोण आहे? म्हणून खान्देशात हा प्रश्न कसकसा येत गेला ते पाहू. गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात आपल्याच एका बादशहाच्या छावणीत होते.

बऱ्हाणपूरची छावणी

आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे ज्या खान्देशाचे तुकडे आहेत, त्याची राजधानी बऱ्हाणपूर होती. आता ते मध्य प्रदेशात गेले. सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून फारूकी सुलतानांनी हे शहर वसवले; शेखसाहेबांची मजार खुलताबादला आहे. फारूकींची त्याआधीची गादी थाळनेरला, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात.

१६०० साली अकबर बऱ्हाणपूरला येऊन बसला. शहर हाती आले होते, पण शेवटचा फारूकी सुलतान बहादूर जवळच्या असीरगडावर होता आणि गड पडत नव्हता. बादशहाच्या लवाजम्यात जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. गोव्यात ज्याचे शव जपून ठेवले आहे त्या फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला. खान्देशच्या मातीत ख्रिस्ताचे नाव घेऊन आलेल्या पहिल्या लोकांत त्याची गणना करायला हरकत नाही. जेझुइटांच्या वृत्तांतात असे आहे की अकबराने त्याला सांगितले, चौलच्या पोर्तुगीजांना लिहा आणि तोफा मागवा. झेवियरने नकार दिला. हे काम माझ्या धर्मात बसत नाही, असे म्हणाला. बादशहा संतापला, पाद्र्यांना निघून जायला सांगितले, पुढे राग शांत झाला.

इतिहासकार या नकाराकडे जरा तिरकस पाहतात. पोर्तुगीजांचा खान्देशच्या सुलतानाशी सलोखा होता, गडाच्या बचावात काही पोर्तुगीज माणसेही होती, तेव्हा पाद्र्याने धर्माच्या नावावर राजकारण सांभाळले, असा त्यांचा संशय. संशय खरा असू शकतो. पण ज्याच्या दरबारात आपले सगळे काम अडकले आहे, त्या बादशहाला तोंडावर नाही म्हणणे सोपे नसते. धर्म सांगायला आलेल्या माणसाची पहिली परीक्षा अशी सत्तेसमोर होते. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हटले, पण ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही.

याच झेवियरने पुढे येशूचे चरित्र फारसीत लिहिले. ‘मिरातुल कुद्स’ हे त्याचे नाव, आणि १६०२ मध्ये ते अकबराला सादर झाले. त्याला फारसी लिहायला मदत केली ती अब्दुस्सत्तार बिन कासिम लाहोरी या मुसलमान विद्वानाने. दीन बदलायचा म्हणून अब्दुस्सत्तार त्या कामाला बसला नव्हता. तो मुसलमान म्हणूनच बसला आणि मुसलमान म्हणूनच उठला. ठोमरेंची गोष्ट सांगण्याआधी हे सांगून ठेवतो, कारण हा आणि नगरमधला प्रसंग तीनशे वर्षांच्या अंतरावर असले तरी एकमेकांना ओळखतात.

वादविवादाचे शतक

मधली दोन शतके सोडून एकोणिसाव्या शतकात येतो. इंग्रजी राज्य स्थिरावले आणि मिशनऱ्यांच्या हाती छापखाना आला. शब्दाला धार चढली, कधी कधी विषही. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३०च्या दशकात हिंदू पंडित, पारशी दस्तूर आणि मुस्लिम आलिम अशा सगळ्यांशी छापील वाद घातले. १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर मुनाजरा झाला. कैरानवींचे ‘इजहारुल हक’ आजही आपल्या मदरशांतून वाचले जाते. १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या वादसभा भरत.

या वादांचे मोल मी कमी लेखत नाही. त्यातून मराठी गद्य घडले, आपल्या आलिमांनी बायबलची बारकाईने छाननी करायला घेतली, हिंदू समाजाला स्वतःच्या रूढींकडे पाहावे लागले. पण मुनाजऱ्यात ज्याने त्याने आपला पक्ष जिंकला असे म्हणत घरी जायचे असते. तिथे समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा मुद्दा दिसतो. आपल्या तकरिरींमध्ये तो बाज अजून टिकून आहे. रात्री अकरा वाजता लाउडस्पीकरवरून दुसऱ्याच्या धर्मातल्या चुका मोजणाऱ्या वक्त्याला गर्दी होते; त्याच गल्लीतल्या विधवेच्या घरी रेशन आहे का, हे पाहायला गर्दी होत नाही.

टिळक, पण लोकमान्य नव्हेत

नारायण वामन टिळक हेही चित्पावन, तेही कोकणातले. जन्म १८६१. उत्तम संस्कृत, उत्तम कीर्तन, कवित्व रक्तात, आणि एका नोकरीत टिकण्याचे नाव नाही. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्या माणसाने वाद घातला नाही, पुस्तक दिले आणि उतरून गेला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग घरात काय झाले? लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते मराठी वाचकाला जसे ठाऊक आहे, तसे इतर कुठल्या धर्मांतरित माणसाच्या घराबद्दल ठाऊक नसेल. जवळपास पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. महाराष्ट्राला कीर्तनाने हलवणारा माणूस स्वतःच्या बायकोला पटवू शकला नाही. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नगरला आल्या तरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनी ते चालू दिले. त्या काळच्या नवऱ्याला कायदा, रूढी, पैसा सगळेच अनुकूल होते; हुकूम करायला कोणी अडवले नसते. अखेर लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांत देवाने जात घातलेली नाही, हे त्यांना आधी पटले, आणि ख्रिस्तापर्यंत त्या नंतर पोहोचल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आयतुल कुर्सीच्या लगेच पुढची आयत आपण सगळेच जाणतो. दीनच्या बाबतीत बळजबरी नाही, हा तिचा आशय सभेत सांगायला आपल्याला फार आवडते. घरात ती किती चालते याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. टिळकांच्या घरात ती पाच वर्षे चालली, त्यांना ती आयत ठाऊक असो वा नसो.

लक्ष्मीबाई पुढे कशा निघाल्या तेही पाहा. बेताचे लिहिता-वाचता येणारी ही बाई प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची शुश्रूषा करायला गेली. दुष्काळातली मुले घरात घेतली. पैसा कधीच नव्हता. टिळक हाती येईल ते वाटून टाकत आणि बाई त्यावर वैतागत. त्यांचा वैताग त्यांनी लपवलेला नाही, म्हणूनच त्यांच्या सेवेवर विश्वास बसतो.

जळगाव, १९०७

जळगाव तेव्हा कापसाचे आणि कवितेचेही गाव होते. नारायण नरसिंह फडणीस हे गृहस्थ १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ नावाचे निव्वळ कवितेचे मासिक इथून काढत. निव्वळ कवितेचे मासिक, तेही जळगावातून, तेही १९३५ पर्यंत! पुण्या-मुंबईच्या लोकांना हे आजही सांगावे लागते. केशवसुतांच्या काळातली नवी कविता या मासिकातून वाचकांपर्यंत गेली. १९०७ मध्ये पहिले महाराष्ट्र कविसंमेलन जळगावला भरले ते उगाच नाही.

अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्या सभेत सोळा-सतरा वर्षांच्या ठोमरेने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. पदवी अशी दिली की मूळ नाव मागे पडले.

मुलाचे वडील पोलीस खात्यात, बदलीची नोकरी. त्यामुळे बालपण खान्देशात ठिकठिकाणी गेले, नवापूरच्या रानाजवळही काही काळ. शिक्षण धड नाही, परिस्थिती बेताची, स्वभाव लहरी. अशा मुलाला पदवी मिळाली म्हणजे टाळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशीचे जेवण मिळत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत रेव्हरंड टिळकही होते. त्यांनी पुढचे पाऊल उचलले. ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहू लागले.

‘स्मृतिचित्रे’च्या शेवटच्या भागांत ठोमरे पुन्हा पुन्हा येतात. कवी म्हणून कमी आणि घरातला मुलगा म्हणून जास्त. त्यांचे रुसणे, हट्ट, मनात येईल तेव्हा निघून जाणे, परत येणे. टिळक स्वतः लहरी, हा मुलगा त्यांच्यावर ताण करणारा, आणि दोघांना सांभाळणारी बाई एक. ज्यांच्या घरी कधी भाच्या-पुतण्याला शिकायला ठेवले असेल त्यांना हे चित्र लगेच कळेल. पहिले आठ दिवस पाहुणा असतो. नंतर तो मीठ कमी आहे म्हणू लागतो.

या घरात येशूचा विषय निघत नसे असे मुळीच नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, टिळकांची भजने, ‘ज्ञानोदया’चे काम. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या या ख्रिस्ती पत्राचे मराठी लेखन-संपादन टिळक सांभाळत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. त्यांनी आपला धर्म पाहुण्यापासून लपवला नाही. पाहुण्याच्या भावना दुखावतील म्हणून प्रार्थना आतल्या खोलीत नेली नाही. ठोमरे हे सगळे ऐकत राहिले आणि त्यांच्या कवितेत फुले, ओढे, संध्याकाळी, आणि शेवटी शेवटी एक खोल उदासी आली. ख्रिस्त आला नाही.

टिळकांना हा मुलगा ख्रिस्ती झाला असता तर आनंद झाला नसता का? झाला असता. जो माणूस आपला दीन खरा मानतो, त्याला आपल्या लाडक्यांनी तो स्वीकारावा असे वाटतेच. वाटत नाही म्हणणारा एकतर दीन गंभीरपणे घेत नाही किंवा खोटे बोलतो. इच्छा असणे ही बळजबरी नव्हे. ती इच्छा पुरी झाली नाही तेव्हा ताटातली भाकरी कमी झाली का, हे पाहावे लागते. ती झाली नाही. उलट बाजूने पाहा. समजा ठोमरेंनी बाप्तिस्मा घेतला असता, तर त्याआधीचे सगळे जेवण, सगळी माया आमिष ठरली असती का? तसे म्हणायचे तर आई-बापांचे पालनपोषणही आमिषच, कारण मूल बहुधा त्यांचाच धर्म उचलते.

डोंगराकडचा खान्देश

हे झाले एका घराचे. मिशनचे काम घरापुरते कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेली अलायन्स मिशन अकोला, भुसावळ, जळगाव या रेल्वेच्या पट्ट्यात स्थिरावली. पश्चिमेकडे, म्हणजे धुळे, नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन मंडळी आली. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रचारकाने १८९० मध्ये अमेरिकेत उभी केलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन हे त्यातले मुख्य नाव. ज्यांच्या भाषेत ना अरबी होती ना संस्कृत, ज्यांचा हिंदुस्थानावर राज्य करण्याशी संबंध नव्हता, असे हे शेतकरी घरांतले लोक सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि मावची पाड्यांवर येऊन राहिले.

त्याआधी सरकार तिथे गेले होते ते बंदूक घेऊन. भिल्लांना काबूत आणण्यासाठी जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खान्देश भिल्ल कोअर उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते. म्हणजे ज्या गावात पुढे बालकवी जन्मले तिथे. डोंगरात मलेरिया, हगवण, सर्पदंश, अडलेली बाळंतपणे. डॉक्टर जायला तयार नाही. १९४२ मध्ये नवापूरजवळ चिंचपाडा इथे मिशनचे रुग्णालय सुरू झाले. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे हे छोटे स्टेशन. ते रुग्णालय आजही चालू आहे. हा भाग १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, मग नंदुरबार वेगळा झाला.

या कामात सगळेच टिळकांसारखे होते असे मी म्हणणार नाही. मिशनच्या अहवालांत माणसे मोजली जात. दुष्काळात अनाथ मुले घेतली गेली ती ख्रिस्ती म्हणूनच वाढली, त्यांना विचारले कोणी? १८९९-१९०० च्या दुष्काळात जे ख्रिस्ती झाले त्यांना गावाने ‘पोटासाठी बाटले’ म्हटले. हे म्हणणाऱ्या गावाने त्यांना पोटासाठी काय दिले होते, हाही प्रश्न आहेच, पण पहिला प्रश्न त्याने पुसला जात नाही. स्वतः टिळकांना मिशनच्या गोऱ्या कारभाराचा जाच होत होता. पगार देणारा आणि घेणारा, अशा नात्यात ख्रिस्ताचे नाव कसे घ्यायचे, या प्रश्नाने त्यांना शेवटी मिशनबाहेर काढले.

आता आपल्या बाजूचे बघू. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत तडवी भिल्लांची गावे आहेत. ते मुसलमान आहेत. जुने गॅझेटियर त्यांचे धर्मांतर औरंगजेबाच्या काळात टाकते, आणि ते वाक्य वाचले की लोक पुढची गोष्ट स्वतःच रचतात. तलवार, बादशहा वगैरे. बऱ्हाणपुरात शत्तारी सूफींच्या खानकाह होत्या, शेख ईसा जुन्दुल्लाह यांच्यासारखे बुजुर्ग होते, त्या शहरातून सातपुड्याच्या वाटा निघत, हे कोणी बघत नाही. बादशहाने दिलेल्या वतनांचाही त्या बदलात वाटा असेल. मी ते नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच की मावचीचे ख्रिस्ती होणे म्हणजे दवाखान्याचे आमिष आणि तडवीचे मुसलमान होणे म्हणजे तलवारीचा धाक, ही दोन वाक्ये एकाच साच्यातून निघतात. दोन्हीत आदिवासी माणसाला स्वतःचे डोके नाही असे गृहीत धरलेले असते.

आणि हे केवळ जुन्या काळाचे भांडण नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे तडवी मुसलमान असूनही आणि मावची ख्रिस्ती असूनही यादीत राहतात. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी गेली काही वर्षे जोरात आहे. ती मान्य झाली तर नवापूरच्या ख्रिस्ती मुलाचे वसतिगृह आणि यावलच्या तडवी मुलीची नोकरी एकाच दिवशी जाईल. आपल्या आणि त्यांच्या पुढाऱ्यांनी यावर एकत्र बसल्याचे मी तरी अजून पाहिलेले नाही.

प्रलोभन म्हणजे काय

जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली. अकोला, बुलढाणा, अमरावती तेव्हा त्या राज्यात होते, म्हणजे आपल्या शेजारच्या मिशनचे कामही त्या चौकशीत आले. १९५६ च्या अहवालाचा सूर असा की शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधने झाली आहेत. १९६८ मध्ये त्या राज्याने कायदा केला, त्यात बळ आणि फसवणूक यांच्या जोडीला प्रलोभन हा शब्द आला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क दिलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्यासाठी समिती नेमली.

बळजबरी आणि फसवणुकीबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. पाद्र्याच्या घरातली खोली, दोन वेळचे जेवण, कवितेचे कौतुक करणारी माणसे. सोळा-सतरा वर्षांच्या गरीब मुलासाठी यापेक्षा मोठे प्रलोभन कोणते? एखाद्या अधिकाऱ्याने कागदावर टिळकांचे घर असे मांडले तर ते संशयास्पदच दिसेल. आणि त्या भीतीने उद्या कोणी पाद्री, कोणी मौलवी दुसऱ्या धर्माचे मूल घरात घेणार नाही. अनाथ, लहरी, हुशार मुले मग आपापल्या जातीच्या वसतिगृहाची वाट पाहतील.

मक्क्यातल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान इसवी सन ६१५ च्या सुमारास हबशाला गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारा नजाशी ख्रिस्ती राजा होता. जाफर बिन अबी तालिब यांनी त्याच्यासमोर सूरह मरियममधल्या आयती म्हटल्या. नजाशीने कुरैशांचे नजराणे परत केले आणि या लोकांना राहू दिले. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला असे आपली परंपरा मानते, त्याची गायबाना जनाजाची नमाज पैगंबरांनी पढवली. पण ज्या दिवशी त्याने आसरा दिला त्या दिवशी त्याने आमच्या लोकांना आधी बाप्तिस्मा घ्या म्हटले नाही, आणि जाफर यांनी आसरा जाईल या भीतीने मरियमच्या मुलाबद्दलचा आपला अकीदा गिळला नाही. दावत आणि खिदमत यांचे नाते आपल्याकडे कोणी विचारले तर मी या दरबाराकडे बोट दाखवतो.

दरबार

टिळकांनी मिशन सोडली ती १९१७ मध्ये. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. चर्चमधल्या लोकांना हे पटणे कठीणच होते. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस ख्रिस्ताचा कसा, हा त्यांचा प्रश्न धर्मशास्त्राच्या अंगाने बिनतोड आहे. आपल्याकडेही कोणी कलमा न पढलेल्यांना सोबत घेऊन अशी जमात काढली तर फतवा यायला आठवडा लागणार नाही. टिळक हे कसे करू शकले? माझा अंदाज असा की त्यांना हे पुस्तकातून सुचले नसावे. पाच वर्षे बायको आणि नंतर ठोमरे, अशी न बदललेली माणसे त्यांनी आपल्या ताटाशेजारी पाहिली होती.

दरबाराला पुरते वर्षही झाले नसेल तोवर भादलीची बातमी आली. त्या मुलाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अर्धे राहिले होते. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरे शिकवली, तिने ते पुढे नेले. त्याच बाईने आयुष्याच्या अखेरीस ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, पहिला भाग १९३४ मध्ये आला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला ती गेली.

भादली स्टेशनावर आजही पॅसेंजर गाड्या थांबतात. जळगावहून भुसावळला जाताना उतरायचे असेल तर एक्स्प्रेसमध्ये बसू नका.